फ्लॉरेन्समध्ये मेदिचींचा वाडा पाहताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फ्लॉरेन्समध्ये एकच वाडा नीट पाहायचा असेल तर पालात्सो मेदिची रिकार्दी पाहा. पालात्सो पित्ती कितीतरी मोठा आहे, पण तिथे दालनामागून दालन चालताना आईचे गुडघे थकतील आणि लक्षात फारसं काही राहणार नाही. हा वाडा दीड-दोन तासांत होतो. ड्युओमोपासून, म्हणजे शहराच्या मुख्य कॅथेड्रलपासून, जेमतेम पाच मिनिटांवर, व्हिया काव्हूरवर आहे. बुधवारी बंद असतो. रस्ते दगडी फरशांचे आहेत, तेव्हा जाड तळव्याचे बूटच घाला.

आत शिरण्याआधी समोरच्या फुटपाथवरून भिंत पाहा. त्या काळी शहरावर वर्चस्व असलेल्या सावकार घराण्यातल्या कोझिमो दे मेदिचीने 1444 मध्ये वास्तुकार मिकेलोत्सोकडून बांधकाम सुरू करवलं. तळमजल्याचे दगड खाणीतून तसेच उचलून आणल्यासारखे ओबडधोबड आहेत, मधल्या मजल्यावर सपाट पण सांधे खोल कोरलेले, वरच्या मजल्यावर तर सांधा शोधावा लागतो. त्यामुळे एवढी अवजड इमारत वर जाताना हलकी होत जाते. 1659 मध्ये रिकार्दी घराण्याने वाडा विकत घेतला आणि पुढे रस्त्याच्या बाजूने तो सात खिडक्यांनी लांबवला. जोड इतका बेमालूम आहे की बहुतेकांना कळतच नाही. खिडक्यांवरची चिन्हं पाहा: मेदिचींचे गोळे संपून रिकार्दींची किल्ली सुरू होते, तिथे जुना वाडा संपतो.

खरा ठेवा मात्र पहिल्या मजल्यावरचं छोटं चॅपेल, म्हणजे मेदिचींचं घरातलं प्रार्थनागृह. चित्रकार बेनोत्सो गोत्सोलीने 1459 मध्ये ते रंगवायला घेतलं. जागा लहान, म्हणून एका वेळी थोडीच माणसं आत सोडतात आणि काही मिनिटांत बाहेर काढतात. लोक इथेच चुकतात. निम्मा वेळ मोबाइलवर फोटो काढण्यात जातो आणि भिंती पाहायच्या राहतात. म्हणून क्रम आधीच ठरवून जा.

वेदीकडे तोंड करून उभे राहा आणि उजव्या भिंतीपासून सुरुवात करा. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांपैकी तरुण राजा तिथे आहे. त्याच्या मागे पांढऱ्या घोड्यावर कोझिमोचा मुलगा पिएरो आणि खेचरावर म्हातारा कोझिमो. त्यांच्या मागच्या गर्दीत लाल टोपीवर सोनेरी अक्षरं दिसतील. तो स्वतः गोत्सोली, टोपीवरच सही केलेला. मग मागची भिंत, मग डावी. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक घोडा दोन तुकड्यांत दिसेल. रिकार्दींनी जिना बांधताना तो कोपरा आत सरकवला, म्हणून चित्र तुटलं. सोन्याचा वर्ख भरपूर आहे, कारण हे चित्र मेणबत्त्यांच्या उजेडात पाहण्यासाठी काढलेलं होतं. वेदीवरचं चित्र मात्र प्रत आहे. फिलिप्पो लिप्पीचं मूळ चित्र बर्लिनला आहे.

त्यानंतर लुका जोर्दानोने रंगवलेलं छत असलेलं आरशांचं दालन आहे. भव्य आहे, पण दहा मिनिटं पुरे. बाबा, खालच्या चौकात दोनातेल्लोचा डेव्हिडचा पुतळा शोधू नका. तो पूर्वी तिथे होता, आता बार्जेल्लो संग्रहालयात आहे.

तिकीट वेळ ठरवून आधीच घ्या, आणि त्यात चॅपेल धरलंय ना ते वाचा. जिना टाळायचा असेल तर तिकीटखिडकीवरच लिफ्टचं विचारा. पाठीवरची बॅग हॉटेलवरच ठेवा. नंतर कॉफी घ्याल तेव्हा लक्षात असू द्या, काउंटरशी उभ्याने पिण्याचा आणि टेबलाशी बसून पिण्याचा दर बऱ्याच ठिकाणी वेगळा असतो. आईसाठी बसण्याचे पैसे खुशाल द्या.

तारीख पक्की झाली की कळवा, सकाळची पहिली वेळ मी इथून घेते.

तुमची लेक