सुध्याला, ‘आप जैसा कोई’बद्दल

दादर, मुंबई

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "त्या गाण्यात आहे काय? लंडनचा स्टुडिओ आणि लंडनची मशिनं. आपल्याला मिळाली असती तर आपणही केलं असतं." तेव्हा तू घाईत होतास, म्हणून बोललो नाही. पण विषय मनातून जाईना. नीट लिहूनच सांगतो.

मशिनं होती, नाकारत नाही. ‘कुर्बानी’ सिनेमातलं ‘आप जैसा कोई’ लंडनमध्ये २४ ट्रॅकवर रेकॉर्ड झालं. त्या काळी आपल्याकडे रेकॉर्डिंग कसं चालायचं, ते तू आणि मी तारदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत कोपऱ्यात उभं राहून पाहिलंय. सगळा ताफा एकत्र, गायक बूथमध्ये, आणि एका व्हायोलिनचा गज चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. तिकडे प्रत्येक वाद्याला टेपवर स्वतंत्र जागा. बेस नको तेवढा वाटला तर तेवढाच कमी करा. एकाच गळ्याकडून तीच ओळ दोनदा गाऊन घ्या आणि एकावर एक ठेवा. दोन्ही वेळा माणूस अगदी सारखं गात नाही ना, त्या केसभर फरकानं आवाज भरदार होतो. गायिका नाझिया हसनच्या आवाजाला जी झळाळी आहे ती अशी आली. इथवर तुझं बरोबर.

पण सुध्या, चोवीस जागा हाताशी असल्या की माणसाला त्या भरायचा मोह होतो. गाण्याचा संगीतकार बिड्डू, त्याला तो झाला नाही. दर मात्रेला किक ड्रमचा ठोका, त्याच्याशी बांधलेला बेस, वर ती मुलगी. ठेका आणि आवाज यांच्या मध्ये त्यानं हवा राहू दिली. आपल्या अरेंजरांचा हात भरगच्च, ओळ संपली रे संपली की व्हायोलिनं धावत यायची. मला ते आजही प्रिय आहे. त्याच ‘कुर्बानी’तलं कल्याणजी-आनंदजींचं ‘लैला ओ लैला’ ऐक, कसं ठासून भरलंय, आणि काय बहारदार आहे! ‘कुर्बानी’चं संगीत त्यांचंच होतं. बिड्डूचं हे एकच गाणं बाहेरून आलं, आणि ते इतकं मोकळं होतं की लाउडस्पीकरवर लागल्याबरोबर कान टवकारायचे.

बिड्डू मूळचा बंगळूरचा, तरुणपणी तिथल्या बँडमध्ये वाजवायचा, मग इंग्लंडला गेला. १९७४ चं त्याचं ‘कुंग फू फायटिंग’ तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी, उरलेल्या वेळात उरकलेलं गाणं. ते इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पॉलिश मारत बसल्यानं गाणं मोठं होत नाही, हे त्याला तेव्हाच कळलं असणार, असं मला वाटतं.

आणि आता नाझिया. जन्म कराचीचा, १९६५ चा. लंडनमध्ये एका पार्टीत ‘कुर्बानी’चा निर्माता-दिग्दर्शक फिरोज खाननं तिला ऐकलं आणि बिड्डूकडे पाठवलं. वय जेमतेम पंधरा! इथे लताबाई-आशाबाई समोर असताना, झीनत अमानसारखी नटी पडद्यावर असताना, तिच्या ओठांवर शाळकरी मुलीचा आवाज ठेवायचा. कुठल्या निर्मात्यानं हे धाडस केलं असतं सांग? माझ्या हिशेबी गाण्याचं अर्धं श्रेय फिरोज खानच्या कानाला आहे. त्या आवाजात तयारी नव्हती. मुरकी नाही, हरकत नाही, किंचित नाकातला, सरळ येणारा सूर. झीनत लाल झगमगत्या पोशाखात नाचते आणि आवाज मात्र लाडात येत नाही, कुणाला रिझवत नाही. त्यामुळेच ते गाणं उथळ झालं नाही. त्या जागी एखादी तयार गायिका असती तर तिनं नक्कीच काहीतरी ‘केलं’ असतं.

याचा पुरावा तुझ्याच समोर घडलाय. आपल्या ऑर्केस्ट्रात ती आशाबाईंची गाणी गाणारी ताई होती ना, काय गळा होता! ‘आप जैसा कोई’ आलं की ती सवयीनं प्रत्येक ओळीच्या टोकाला एक नाजूक जागा घ्यायची. शिट्ट्या पडायच्या, वन्समोअर मिळायचा, पण तू बेस वाजवता वाजवता माझ्याकडे बघून मान हलवायचास. तुला तेव्हा कळत होतं रे! तेच आज का नाकारतोस?

शब्दांचंही तसंच. गीतकार इंदीवरांनीच कल्याणजी-आनंदजींसाठी ‘चंदन सा बदन’ लिहिलं होतं. इथे त्यांनी दोन-दोन साध्या शब्दांच्या जोड्या लावल्या, ठेक्यावर पाऊल पडावं तशा. अर्थ लावत थांबायची गरजच नाही.

एक गोष्ट तुला फोनवर सांगायची राहिली. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोटानं उडवल्या. तिकडे डिस्को संपत आला, आणि पुढच्याच वर्षी इकडे ‘कुर्बानी’तलं हे डिस्को गाणं आलं. त्या वर्षीचे गणपती आठव. लालबागपासून गिरगावापर्यंत दर मंडपात हेच. मुसाफिरखान्याच्या बाजारातून आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअर, ज्याच्या घरी, त्याच्या खिडकीखाली पोरं जमायची. पुढे नाझियाला फिल्मफेअर मिळालं, तो पुरस्कार मिळवणारी इतकी लहान पार्श्वगायिका आधी कधी झाली नव्हती.

मशिनांचा मुद्दा खरा असता तर १९८२ चा ‘स्टार’ सिनेमा का पडला? तोच बिड्डू, तीच नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब. गाणी चालली, पण पिक्चर आपटला आणि ‘आप जैसा’चं वेड पुन्हा आलं नाही. त्याच वर्षी बप्पीदांनी ‘डिस्को डान्सर’ केला, थेट मुंबईच्या ढंगानं, भरगच्च, आणि तो पार रशियापर्यंत गाजला. आपल्या मराठीतही १९८७ ला अरुण पौडवालांचं ‘अश्विनी ये ना’ आलं, किशोरदांच्या आवाजात. सगळ्यांकडे मशिनं येत गेली. तो साधेपणा मात्र फार थोड्यांना जमला. बिड्डूला स्वतःला तो पुन्हा सापडला १९९५ मध्ये, अलिशाच्या ‘मेड इन इंडिया’त.

नाझिया २००० साली गेली, लंडनमध्ये, कॅन्सरनं. पस्तिशीच होती. तिच्या गळ्यानं पुढे काय केलं असतं, याचा विचार करताना मला आजही वाईट वाटतं.

आता कामाचं. यंदा आमच्या सोसायटीच्या गणपतीत हे गाणं बसवतोय. गाणारी मुलगी दहावीतली आहे, कुठे शिकलेली नाही, सूर मात्र पक्का. तिला मी एकही जागा शिकवणार नाही. ड्रम्सला शेजारचा पोरगा आहे, त्याला सांगितलंय, रोल मारायचा नाही. बेसला कुणी नाही. तू कोल्हापूरहून दोन दिवस आधी निघ, म्हणजे एक तालीम होईल. अँप माझ्याकडे आहे, गिटार तेवढी आण. आणि येण्याआधी हेडफोन लावून फक्त बेस ऐक, कुठे कुठे थांबलाय ते लिहून आण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विन्या