युरोपला निघण्याआधी, फोनचं तेवढं

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेल्या सगळ्या रोमिंग पॅकच्या जाहिराती बघितल्या. त्यातला सगळ्यात महागडा घेऊन मोकळं व्हायचं असं तुमच्या मनात आहे. आई म्हणते, एवढे पैसे कशाला, हॉटेलात वायफाय असतंच की. मला दोन्ही पटत नाही. फोनवर बोलायला लागलो की विषय थेपल्यांवर आणि थर्मलवर जातो, म्हणून लिहूनच पाठवतेय.

किती जीबी हे नंतर बघू. आधी देश बघायचे. तुमच्या कार्यक्रमात फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि इटली आहेत. त्यातला स्वित्झर्लंड सोडून बाकी सगळे युरोपीय संघात येतात. संघात 15 जून 2017 पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात नेलं तरी रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत. त्यामुळे नुसतं ‘युरोप’ लिहिलेलं सिम पॅरिसपासून व्हेनिसपर्यंत बिनबोभाट चालेल आणि नेमकं स्वित्झर्लंडमध्ये मान टाकू शकेल. गंमत म्हणजे तुमची बस ज्या वाडुझला फोटोपुरती थांबणार आहे, ते लिश्टेनश्टाइन संघात नसूनही या सवलतीत आहे. आणि आपल्याकडच्या युरोप सहली म्हणजे निम्म्या स्वित्झर्लंडच्याच, तुमचे जास्तीत जास्त मुक्कामही तिथेच. शिवाय सीमेजवळ फोन आपणहून पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून पॅक कुठलाही घ्या, देशांची यादी उघडून त्यात स्वित्झर्लंडचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुकानातला मुलगा ‘हो काका, सगळीकडे चालतं’ म्हणाला, एवढ्यावर भागवू नका.

टेकडीवर फिरायला येणारी तुमची मंडळी सांगतात तसं पॅरिसला उतरून सिम घेता येईल. एकट्याने फिरणाऱ्याला ते परवडतं. तुमची बस बाहेर उभी असणार, टूर मॅनेजर माणसं मोजत असणार, आणि तुम्ही पासपोर्ट हातात घेऊन रांगेत! नको.

मी असं ठरवलंय. बाबांच्या नंबरवर आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घ्यायचा. बँकेचे आणि कार्डाचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, टूर मॅनेजरकडेही तोच नंबर आहे. दहा दिवसांचा पॅक तुम्हाला थोडक्यात अपुरा पडतो, त्याच्या पुढचा घ्या. रोजची डेटा मर्यादा असेल तर दिवस कुठल्या घड्याळाने मोजतात तेही वाचा, कारण उन्हाळ्यात तिथे रात्रीचे साडेआठ होतात तेव्हा आपल्याकडे बारा वाजतात. ‘अनलिमिटेड’वर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ठरावीक डेटा संपला की वेग इतका उतरतो की नकाशासुद्धा उघडत नाही.

आईच्या फोनला ई-सिम. हे फोनमध्येच असतं, ट्रे उघडून चिमुकलं कार्ड बदलायची भानगड नाही, आपलं नेहमीचं सिमही जागेवर राहतं. आई, तुझा फोन ते घेतो का हे बघायला डायल करायच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाब. आलेल्या यादीत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर बहुतेक काम झालं. त्याचा क्यूआर कोड कोथरूडच्या घरी, वायफायवर बसूनच स्कॅन करायचा. तो बहुधा एकदाच चालतो, त्यामुळे नंतर चुकून पुसून टाकू नकोस. आणि व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हण, आहे त्याच नंबरवर चालू राहतं.

एकाच फोनवर पॅक घेऊन दुसऱ्याला हॉटस्पॉट द्यावा, असं बाबा म्हणाले होते. पण तुम्ही दोघं दिवसभर एकत्र राहणार का? आई दुकानात आणि बाबा बाकावर, हे मी लहानपणापासून लक्ष्मी रोडवर बघत आलेय. चुकामूक झाली तर दोघांकडेही नेट हवं.

डेटा मात्र तुम्हाला वाटतो तितका लागत नाही. मेसेज, नकाशा, व्हॉट्सॲपवर साधं बोलणं हे सगळं किरकोळ. खातात ते व्हिडिओ, आणि त्याहून जास्त आपल्या नकळत चालणारी कामं: फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ आपोआप उतरणं. ही तिन्ही निघण्याआधी बंद करा. बॅकअप आणि नातवाशी व्हिडिओ कॉल रात्री हॉटेलच्या वायफायवर. आईचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं आहे. बँकेचे व्यवहार मात्र त्या वायफायवर करू नका. शहरांचे नकाशे इथेच उतरवून घ्या, मग नेट नसलं तरी उघडतात.

आईच्या पुण्याच्या सिमवर डेटा रोमिंग बंद म्हणजे बंद. त्यावर साधा कॉल आला तर उचलायचा नाही, पॅक नसताना येणाऱ्या कॉलचेही पैसे पडतात. मावशीला आधीच सांगून ठेव, व्हॉट्सॲपवरच फोन कर म्हणून.

जाताना दुबईला विमान बदलायचंय. तिथे बाबांचा फोन फ्लाइट मोडवरच राहू दे. बरेचसे पॅक परदेशातलं पहिलं नेटवर्क पकडलं की सुरू होतात, मग पॅरिसला पोचण्याआधीच एक दिवस वाया. विमानतळाचं वायफाय वापरा, पण तिथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाहीत, नुसता मेसेज जातो. पोचलो एवढं लिहा. फोन लागला नाही म्हणून घाबरू नका, मीही घाबरणार नाही. विमानातही फ्लाइट मोड काढू नका, काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचे दर भयंकर असतात.

बाबा, पॅक घेण्याआधी त्याच्या देशांच्या यादीचा स्क्रीनशॉट मला पाठवा. आणि आई, त्या ईआयडीच्या पानाचा फोटो आजच काढून पाठव, ई-सिम मी इथून घेते. पैसे परत देण्यावरून वाद घालू नकोस.

तुमची,
मुक्ता