सुधाकर केवळ दारूचा बळी नव्हे

हुतात्मा स्मृती मंदिरातील ‘एकच प्याला’च्या प्रयोगाचे परीक्षण आपल्या अंकात वाचले. त्यात नाटकाचा नायक सुधाकर याला निव्वळ व्यसनाचा आणि दारुड्या तळीरामाच्या संगतीचा बळी ठरवले आहे, ते मला मान्य नाही. राम गणेश गडकरी यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील सुधाकर बुद्धिमान, मानी वकील आहे. न्यायालयातील प्रसंगातून वकिलीची सनद स्थगित झाल्यावर दुखावलेला त्याचा अहंकारच पहिल्या प्याल्याकडे वळतो. तळीराम निमित्त ठरतो, इतकेच. ज्या स्वाभिमानामुळे तो मोठा वाटतो, त्याच स्वाभिमानातून त्याचा विनाश होतो, ही गुंतागुंत वगळली तर या थोर शोकांतिकेचे निव्वळ दारूबंदीचे प्रचारनाट्य होते, आणि गडकऱ्यांवर तो मोठा अन्याय आहे.

– एक नाट्यरसिक, सोलापूर