‘पाच महासागर’ हे उत्तर चूक कसे?

मा. संपादक,
स. न.

आपल्या मुलांच्या पुरवणीतील प्रश्नमंजूषेत गेल्या रविवारी ‘पृथ्वीवर महासागर किती?’ असा प्रश्न होता. माझ्या नातीने ‘पाच’ लिहिले. या रविवारी उत्तर छापून आले: चार. ती तावातावाने माझ्याकडेच आली, कारण पाच हे तिला मी सांगितले होते. मी सव्वीस वर्षे भूगोल शिकवला आणि वर्गात चारच महासागर घोकून घेतले, हेही इथे कबूल करून टाकते.

तुमचे ‘चार’ चूक नाही. ‘पाच’ला चूक ठरवणे मात्र पटत नाही.

पाचवा म्हणजे अंटार्क्टिकाला वेढून असलेला दक्षिण महासागर. बाकीच्या महासागरांना बहुतेक बाजूंनी किनारा तरी आहे. याची उत्तरेकडची हद्द भर पाण्यात, ६० अंश दक्षिण अक्षवृत्तावर धरतात. पाण्यावर रेघ कशी ओढायची, म्हणून तो अनेकांना मानवत नाही. पण तिथे काहीच नाही असेही नाही. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रचंड सागरी प्रवाह अखंड फिरत असतो, कारण त्याला अडवायला वाटेत जमीनच नाही. त्याच्या दक्षिणेचे पाणी गार, उत्तरेचे त्या मानाने उबदार. ही सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ नाही, ती वरखाली सरकते. ६० अंश ही आपली सोय.

बिचाऱ्याचे नशीबही गमतीचे. समुद्रांच्या सीमा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या १९३७च्या पुस्तिकेत तो होता, १९५३च्या आवृत्तीतून त्याला वगळले. २००० साली त्याला परत घेणारा मसुदा तयार झाला, पण तो मंजूर झालाच नाही. पुढे जून २०२१मध्ये नॅशनल जिओग्राफिकने आपल्या नकाशांसाठी त्याला पाचवा महासागर मानले. म्हणजे ज्याच्या घरात १९५३ची पुस्तिका त्याचे चार, ज्याच्या घरात नवा नकाशा त्याचे पाच. दोघांनाही गुण द्यायला काय हरकत होती?

खंडांचे तर विचारूच नका. आपण सात म्हणतो. लॅटिन अमेरिकेत अनेक ठिकाणी दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. ऑलिंपिकच्या ध्वजावर कडी पाच. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाहीच. आहे तो उरल पर्वत, ज्याचे सर्वोच्च शिखर दोन हजार मीटरही भरत नाही. हिमालय एवढा उंच, पण त्याच्या अलीकडे-पलीकडे आशियाच! पुढे कॉकेशसजवळ ही हद्द कुठून न्यायची यावर आणखी मतभेद. एल्ब्रुस युरोपात धरले तर त्या खंडाचे सर्वोच्च शिखर ५६४२ मीटरचे, नाही धरले तर तो मान माँ ब्लाँला. डोंगर जागचा हलत नाही, आपली रेघ हलते.

आता त्या प्रश्नाशेजारी छापलेल्या नकाशाविषयी. त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते, आणि नातीला तेच खरे वाटले. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. हा मर्केटरच्या १५६९ सालच्या पद्धतीचा नकाशा. त्यात सरळ रेघ ओढली की होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज नेता येते, म्हणून खलाशांना तो सोन्यासारखा. मात्र ध्रुवांकडे जावे तसा त्यात प्रदेश फुगत जातो. खंडांची आकारमाने शिकवायला तो अगदीच निरुपयोगी. सम-क्षेत्रफळाचा एखादा नकाशा छापला असता तर बरे झाले असते. मी शेवटी पृथ्वीचा गोल काढला आणि तिला दोऱ्याने दोन्हींची लांबी मोजायला लावली. दोरा पुरेना तेव्हा तिचा विश्वास बसला.

पुढच्या खेपेस उत्तर छापताना ‘अमुक गणनेप्रमाणे’ एवढे दोन शब्द घालावेत, ही विनंती. आणि प्रश्नच हवा असेल तर हा घ्या: पृथ्वीच्या गोलावर ६० अंश दक्षिण अक्षवृत्तावरून बोट फिरवत नेले, तर ते कोणकोणत्या देशांवरून जाईल? उत्तर: एकाही नाही.

नातीचा एक गुण तेवढा तुमच्याकडे बाकी आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका