इक्विटेबल बिल्डिंग आणि 1916 चा कायदा

महोदय,

आपल्या पुरवणीतील गगनचुंबी इमारतींवरील लेखात न्यूयॉर्कच्या 'इक्विटेबल बिल्डिंग'ची हकिकत वाचली. 1915 साली ही इमारत उभी राहिली, तिच्या सावलीने आसपासचे लोक हैराण झाले आणि म्हणून पुढच्याच वर्षी शहराला इमारतींच्या आकारावर बंधने घालणारा कायदा करावा लागला, असा लेखाचा सूर आहे. ही कथा अनेक ठिकाणी अशीच सांगितली जाते, परंतु तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर ती जशीच्या तशी टिकत नाही.

ब्रॉडवेवरील याच जागी 1870 पासून इक्विटेबल या विमा कंपनीची जुनी इमारत होती. प्रवासी लिफ्ट असलेली पहिली कार्यालयीन इमारत म्हणून ती ओळखली जाई. 9 जानेवारी 1912 रोजी तिच्या तळघरात लागलेल्या आगीत ती भस्मसात झाली. त्या दिवशी थंडी एवढी कडाक्याची होती, की बंबांनी मारलेले पाणी भिंतींवरच गोठत होते. नवी इमारत उभारली ती मात्र टी. कोलमन ड्यू पाँट या उद्योगपतीने. विमा कंपनीने जागा विकली आणि पुढे ती तिथे केवळ भाडेकरू म्हणून राहिली, ही गोष्ट नावामुळे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

वास्तुविशारद अर्नेस्ट ग्रॅहम यांनी जेमतेम एक एकराच्या भूखंडावर सुमारे 12 लाख चौरस फुटांचे बांधकाम बसवले. आजच्या भाषेत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एकूण बांधकाम भूखंडाच्या किती पट आहे ते प्रमाण, 30 च्या घरात गेला. एवढे मजले चढवूनही उंची आणखी का वाढवली नाही, याचे उत्तर लिफ्टमध्ये आहे. मजले वाढले की लिफ्ट वाढतात, आणि त्यांचे उभे मार्ग खालच्या प्रत्येक मजल्यावरची भाड्याने देण्याजोगी जागा खातात. म्हणजे या इमारतीला आवर घातला तो हिशेबाने, कायद्याने नव्हे. पदपथाच्या कडेपासून तिच्या भिंती कुठेही मागे न सरता सरळ वर गेल्या. त्या काळचे विजेचे दिवे मंद होते, कार्यालयाचे भाडे खिडकीतून येणाऱ्या उजेडावर ठरे. त्यामुळे सुमारे 7 एकरांवर पडणाऱ्या तिच्या सावलीचा फटका शेजारच्या मालकांच्या थेट खिशाला बसला. त्यांची तक्रार रास्तच होती.

पण इमारतींच्या उंचीचा विचार करण्यासाठी शहराने नेमलेल्या आयोगाचा अहवाल 1913 च्या डिसेंबरातच आला होता, म्हणजे ही इमारत पुरी होण्याच्या वर्षभराहून अधिक आधी. शिवाय फिफ्थ ॲव्हेन्यूवरील बड्या दुकानदारांचा रेटा वेगळाच होता. कपड्यांचे कारखाने आपल्या रस्त्याकडे सरकत आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत तेथील कामगारांनी पदपथ भरून जातात, हे त्यांना खुपत होते. मार्च 1916 मध्ये त्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन, ठरावीक पट्ट्याबाहेर कारखाने असलेल्यांनाच खरेदीत प्राधान्य देऊ, असा इशाराच दिला. 25 जुलै 1916 रोजी संमत झालेल्या कायद्यात म्हणूनच दोन धागे दिसतात: एक, रस्त्याच्या रुंदीनुसार ठरावीक उंचीनंतर इमारत मागे घेण्याचा, आणि दुसरा, निवासी व व्यापारी भाग वेगळे करण्याचा. या दुसऱ्या धाग्याचा इक्विटेबलच्या सावलीशी काहीही संबंध नव्हता.

त्याच कायद्यात भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर कितीही उंच मनोरा चढवण्याची मुभा होती, आणि 1931 च्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा पायऱ्यापायऱ्यांचा घाट त्या नियमांतूनच आला. लेखात कायद्याचा उल्लेख 'उंचीवरील बंदी' असा झाला आहे. तेवढी दुरुस्ती पुढील भागात अवश्य व्हावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक