रांगेतली जागा आणि उरलेला वाटा

चि. मीरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. एकाच कंपनीचे दोन कागद, एक अग्रहक्क भाग (प्रेफरन्स शेअर) आणि दुसरा समभाग (साधा शेअर), शेजारीशेजारी मांडून त्यांपैकी स्वस्त कोणता, असे तू विचारले आहेस. तक्ता नीटनेटका आहे आणि आकडेमोडही बहुतांशी बरोबर आहे. परंतु दोन्ही कागदांना तू एकच सूत्र लावलेस आणि हिशेब तिथेच फसला. दोन्हींवर नाव एकाच कंपनीचे असले, तरी घेणाऱ्याच्या पदरात पडणारी वस्तू वेगळी आहे. अग्रहक्क भाग घेताना आपण एक वचन विकत घेतो. समभाग घेताना सगळ्यांना दिलेली वचने पाळून झाल्यावर जे काही उरेल, ते विकत घेतो. वचनाची किंमत ठरवायची तर ते कोणत्या शब्दांत दिले आहे हे वाचावे लागते, आणि उरलेल्या वाट्याची किंमत ठरवायची तर धंदा वाचावा लागतो.

आधी रांग पाहू. कंपनीकडे आलेल्या पैशातून माल पुरवणारे, कामगार आणि कर्मचारी यांची देणी भागतात, मग कर्ज देणाऱ्यांचे व्याज जाते, मग कर जातो, आणि त्यानंतर जो निव्वळ नफा राहतो त्यातून अग्रहक्क भागधारकाला ठरलेला लाभांश मिळतो. समभागधारक या रांगेत अगदी शेवटी उभा असतो. कंपनी गुंडाळायची वेळ आली, तरी क्रम साधारण हाच राहतो. म्हणजे ज्याला आपण अग्रहक्क म्हणतो, तो फक्त समभागधारकाच्या तुलनेतला आहे. कर्जरोखेधारकाच्या मागे उभे राहूनच तो भोगायचा असतो. शिवाय कर्जाचे व्याज थकले तर कर्ज देणारा कंपनीला न्यायालयात खेचू शकतो, पण अग्रहक्क भागाचा लाभांश संचालक मंडळाने जाहीरच केला नाही, तर अग्रहक्क भागधारकाला सहसा तसे करता येत नाही. कर्जरोख्यासारखी ठरीव मिळकत आणि समभागासारखी असुरक्षितता असा हा मधलाच प्राणी आहे. त्याला कर्जरोखा समजून घेणारे लोक बहुधा त्याच्या नावाला भुललेले असतात.

मीही एकदा भुलले होते. हिशेबाच्या कामात बरीच वर्षे घालवलेली, ताळेबंद हातात आला की आधी शेवटचे पान उलटणारी मी, एका कंपनीचे अग्रहक्क भाग केवळ लाभांशाचा दर बघून घेतले. दोन वर्षे लाभांश वेळेवर आला, मग कंपनीला तोटा झाला आणि तो थांबला. तीन वर्षांनी कंपनी सावरली, तेव्हा साचलेली रक्कम आता एकदम हाती येईल अशी मी वाट पाहत होते. आली ती फक्त चालू वर्षाची. कपाटातून माहितीपत्रक काढले आणि बारीक टाइपातल्या अटींवरून ओळीओळीने बोट फिरवत गेले. तिसऱ्या अटीच्या मधोमध ‘असंचयी’ हा शब्द होता. आश्चर्य म्हणजे त्याच पानावर लाभांशाच्या दराखाली मी स्वतः पेन्सिलीने रेघ ओढलेली होती, आणि हा शब्द त्या रेघेपासून चार ओळी खाली होता.

तो शब्द म्हणजे काय, ते तुझ्याच कंपनीच्या आकड्यांवर पाहा. दर्शनी किंमत 100 आणि वार्षिक लाभांश 8. भाग संचयी असेल आणि तीन वर्षे लाभांश चुकला, तर समभागधारकाला एक पैही देण्याआधी कंपनीने प्रत्येक अग्रहक्क भागामागे थकलेले 24 चुकते केले पाहिजेत. या थकबाकीवर बहुधा व्याज मिळत नाही, पण निदान ती बुडत नाही. भाग असंचयी असेल तर ते 24 हवेत विरले. त्यामुळे इतर सारे सारखे असले, तरी असंचयी भागाकडून आपण अधिक परतावा मागितला पाहिजे, म्हणजेच त्याला कमी किंमत दिली पाहिजे.

आता किंमत. मुदत नसलेल्या अग्रहक्क भागाचे गणित शाळेतल्या भागाकाराइतके सोपे आहे: वार्षिक लाभांशाला आपल्याला हव्या असलेल्या परताव्याच्या दराने भागायचे. दर 8 टक्के धरला तर किंमत 100 येते, 10 टक्के धरला तर 80. इंग्लंडच्या सरकारने अठराव्या शतकात काढलेल्या ‘कॉन्सोल’ नावाच्या बिनमुदतीच्या रोख्यांची किंमत याच भागाकाराने कळत असे, आणि त्यांतले शेवटचे रोखे 2015 मध्ये फेडले गेले. बिनमुदतीचे म्हटलेले कागदही कधी ना कधी फेडले जातात, हे त्यावरून ध्यानात घे, कारण तुझ्या तक्त्यातली पहिली मोठी चूक इथेच आहे. तू 80 ही किंमत काढलीस आणि बाजारभाव 90 असल्यामुळे ‘महाग’ असा शेरा मारलास. पण हे भाग पाच वर्षांनी 100 ला परत घेतले जाणार असतील, तर पाच वर्षांच्या लाभांशाचे आजचे मूल्य 10 टक्क्यांच्या वटावाने (म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाला मधल्या प्रत्येक वर्षामागे एकदा 1.10 ने भागून) सुमारे 30.3 आणि शेवटी मिळणाऱ्या 100 चे सुमारे 62.1, मिळून 92.4 होते. तोच कागद, तोच दर, तोच लाभांश. केवळ परतफेडीच्या एका अटीमुळे महाग वाटणारी वस्तू किंचित स्वस्त ठरते.

परतफेडीची अट नेहमी आपल्याच सोयीची असते असे मात्र समजू नकोस. अनेक भागांत परतफेड ठरलेल्या दिवशी बंधनकारक नसते, तर कंपनीच्या मर्जीवर असते, आणि कंपनी ती मर्जी स्वतःचे भले पाहूनच वापरते. व्याजदर उतरले की जुने महागडे भाग फेडून ती स्वस्तात नवे भांडवल उभारते. व्याजदर चढले की भाग तसेच ठेवते आणि आपला कागद बाजारात उतरत जातो. 8 लाभांशाच्या बिनमुदतीच्या भागाला साडेसहा टक्के दराने 123 किंमत येते खरी, पण कंपनी तो उद्या 100 ला परत घेऊ शकत असेल, तर 123 देणारा शहाणा नव्हे.

अटी घासाघीस करून घेता येण्याइतकी ताकद असली तर हाच कागद किती गोड होतो, याचे उदाहरण 2008 च्या सप्टेंबरातले आहे. आर्थिक संकट ऐन भरात असताना वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेचे 5 अब्ज डॉलरचे अग्रहक्क भाग घेतले. लाभांश 10 टक्के, बँकेला ते परत घ्यायचे तर वर 10 टक्के अधिक, आणि जोडीला ठरलेल्या भावाने समभाग घेण्याचा हक्क. 2011 मध्ये गोल्डमनने साडेपाच अब्ज डॉलर मोजून ते भाग परत घेतले. पण त्याच सप्टेंबरात अमेरिकेतल्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाशी निगडित दोन संस्था सरकारने ताब्यात घेतल्या, त्यांच्या समभागांबरोबर अग्रहक्क भागांचेही लाभांश थांबले, आणि ते सुरक्षित समजून बाळगणाऱ्या अनेक लहान बँकांना मोठा फटका बसला. नाव दोन्हीकडे ‘अग्रहक्क’ हेच होते.

परिवर्तनीय, म्हणजे समभागांत बदलून घेता येणाऱ्या अग्रहक्क भागांविषयी थोडक्यात लिहिते. 100 च्या एका भागाचे चार समभाग करून मिळणार असतील, तर समभाग 22 वर असताना रूपांतराला अर्थ नाही, कारण हाती 88 येतील. समभाग 30 वर गेला की 120 होतात आणि कागद समभागाच्या मागोमाग चढू लागतो. या सोयीचे मोल कंपनी कमी लाभांशाच्या रूपाने आधीच वसूल करते. तुझ्या कागदात ही अट दिसत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

समभागाकडे वळण्यापूर्वी तुझी दुसरी चूक. कंपनीचा येत्या वर्षाचा निव्वळ नफा 20 लाख आणि समभाग 1 लाख 20 हजार, म्हणून दर समभागामागे कमाई सुमारे 16.7, असे तू लिहिले आहेस. पण 1 लाख अग्रहक्क भागांचे प्रत्येकी 8 प्रमाणे 8 लाख आधी वजा व्हायला हवेत. समभागधारकांचे उरले 12 लाख, आणि दर समभागामागे कमाई 10. पुस्तकी मूल्य काढतानाही हेच पथ्य पाळ: निव्वळ मत्तेतून (मालमत्तेतून देणी वजा करून जे राहते त्यातून) अग्रहक्क भांडवल, आणि संचयी थकबाकी असल्यास तीही, वजा केल्याशिवाय समभागांच्या संख्येने भागू नकोस. ही वजाबाकी नुसती शिस्त म्हणून करायची नाही, तिच्यात धोक्याचे माप दडलेले आहे. नफा 20 लाखांवरून 10 लाखांवर, म्हणजे निम्म्यावर आला, तर समभागधारकांचा वाटा 12 लाखांवरून 2 लाखांवर, म्हणजे एक षष्ठांशावर येतो. उलट नफा दुप्पट, 40 लाख झाला, तर वाटा 32 लाखांवर जातो आणि अग्रहक्क भागधारक मात्र आपल्या 8 लाखांवरच राहतो. वचन घेतलेल्याला खालच्या बाजूला थोडा आडोसा असतो आणि वरच्या बाजूला छत असते. समभागधारकाला दोन्हीही नसतात.

म्हणूनच समभागाकडून मी 12 टक्के मागते आणि अग्रहक्क भागाकडून 10 वर समाधान मानते. हे दर माझे आहेत; तू तुझे ठरव, पण समभागाचा दर अग्रहक्क भागाहून कमी ठेवलास तर त्याचे कारण मला लिहून कळव.

कोणत्याही कागदाची किंमत म्हणजे त्यापासून पुढे हाती येणाऱ्या पैशांचे आजचे मूल्य, हा विचार समभागांना काटेकोरपणे लावला तो जॉन बर विल्यम्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने, 1938 मध्ये. तू वापरलेले सुटसुटीत सूत्र पुढे मायरन गॉर्डन यांच्या नावाने रूढ झाले: येत्या वर्षाच्या लाभांशाला, हव्या असलेल्या परताव्यातून वाढीचा दर वजा करून जे राहील त्याने भागायचे. लाभांश 4, परतावा 12 टक्के, वाढ 10 टक्के असे धरून तू 200 किंमत काढलीस आणि बाजारभाव 110 पाहून हरखलीस. आता वाढीचा आकडा बोटाने जरा सरकवून पाहा. 9 टक्क्यांना 133, 8 टक्क्यांना 100, 7 टक्क्यांना 80. एकेका टक्क्यासाठी किंमत इतकी कोलांट्या खात असेल, तर त्या 10 टक्क्यांना आधार काय, हा पहिला प्रश्न असायला हवा. हे सूत्र वाढ कायमची धरते. साऱ्या अर्थव्यवस्थेहून वेगाने अखंड वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेपेक्षाही मोठी होईल, जे अशक्य आहे. पुढची पाच-सात वर्षे वेगळ्या दराने धरून नंतर दर उतरवणे हा त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे.

वाढ येते कुठून, हे मात्र धंद्यातच सापडते. दर समभागामागे कमाई 10, वाटप 4, म्हणजे 6 कंपनीतच राहिले. राखून ठेवलेल्या या 60 टक्क्यांवर कंपनी 12 टक्के मिळवत असेल, तर वाढ 7.2 टक्के आणि किंमत 83.3 येते. गंमत अशी, की सगळी कमाई वाटून टाकून वाढ शून्य ठेवली असती, तरी 10 ला 12 टक्क्यांनी भागून नेमके तेच 83.3 आले असते. म्हणजे आपल्याला हवा तेवढाच परतावा कंपनी मिळवत असेल, तर वाढीपायी समभागाची किंमत कवडीनेही वाढत नाही. तीच कंपनी राखलेल्या पैशावर 15 टक्के मिळवत असेल तर किंमत 133 होते. 8 टक्केच मिळवत असेल तर 55.6, आणि मग तिने वाढण्याऐवजी पैसे वाटून टाकले तर बरे. अहवालात ‘विक्रमी विस्तार’ असे छापलेले दिसले की मी आधी हाच दर शोधते.

आता हेच गणित उलटीकडून कर. बाजारभाव 110 आहे. 12 टक्के परतावा धरून त्याला न्याय द्यायचा तर वाढ सुमारे 8.4 टक्के हवी, आणि 60 टक्के कमाई राखून ती साधायची तर राखलेल्या पैशावर जवळजवळ 14 टक्के मिळायला हवेत. बाजाराची अपेक्षा काय आहे, हे आता तुला कळले. कंपनीचे मागचे आठ-दहा ताळेबंद काढ आणि समभागधारकांच्या भांडवलावर, अग्रहक्क लाभांश वजा करून, तिने प्रत्यक्ष किती टक्के मिळवले ते वर्षावर्षाला मांड. तेजीची दोन वर्षे निवडून सरासरी काढू नकोस. मंदीची वर्षे धरूनच आकडा बोलतो.

या दोन कागदांपैकी एक निवडून द्यावा अशी तुझी अपेक्षा असेल, तर ती आज मी पुरी करू शकत नाही, कारण अग्रहक्क भागाच्या तीन गोष्टी तुझ्या तक्त्यात नाहीत: तो संचयी आहे का, परतफेडीचा दिवस ठरलेला आहे का, आणि मुदतीआधी परत घेण्याचा हक्क कंपनीकडे आहे का. माहितीपत्रकातल्या अटींचे पान शोध. पेन्सिल हातात घेशील तेव्हा लाभांशाच्या दराखाली रेघ ओढू नकोस, तो तसाही ठळक छापलेला असतो. ज्या ओळीत या तीन अटी सापडतील त्यांचे फोटो काढून पाठव, म्हणजे 80 आणि 92.4 यांपैकी कोणता आकडा खरा, ते पाहू. समभागाच्या रकान्यातले 200 मात्र आजच खोडून टाक.

तुझी,
आई