हॉलमधलं जंगल काढलं, त्याचं पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. हॉलमधलं जंगल मी काढलं. म्हणजे जंगलाच्या चित्राचा तो भिंतीवरचा कागद, अख्ख्या भिंतीचा. शनिवार, रविवार आणि रजा टाकून सोमवार, असे तीन दिवस लागले. बाबा, आधी पत्र पूर्ण वाचा, मग दादाकडे फोन मागा.

विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "राहू दे, कुणाला त्रास होतोय?" त्रास तुम्हालाच होत होता. पावसाळ्यात धरलेला खोकला दिवाळी आली तरी हटेना, आणि पुण्याला गेल्यावर आठ दिवसांत रात्रीची झोप लागायला लागली, हे आईनेच मला सांगितलं. त्याच संध्याकाळी पंचवटीत जाऊन दिवाण सरकवला, कागदाचा कोपरा उचलला, तर मागे काळी बुरशी, पार खिडकीपर्यंत गेलेली. भिंत पश्चिमेची, गच्चीचा पाइप सांध्यात गळणारा आणि वर तो चकचकीत प्लास्टिकचा थर. ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती. आधी पाइप बदलून घेतला, मग कागदाला हात लावला. माणूस लावून केलंय, मी शिडीवर चढले नाही, काळजी नको.

शेजारचे काका कागद सोडवायचं केमिकल आणून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. ग्रीलच्या रंगाच्या वेळी थिनरच्या वासाने बाबांना मध्यरात्री वाफारा द्यायला न्यावं लागलं होतं, ती रात्र मी विसरलेले नाही. म्हणून नुसतं पाणी, साबण आणि धीर. हॉलची वीज तोडायचा खटका, एमसीबी, पाडला, बोर्डावर प्लास्टिक चिकटवलं. वरचा चकचकीत थर कोपऱ्यातून धरून सावकाश ओढला की कोरडाच निघतो. मागे जो भुरकट कागद राहतो, त्यावर भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घातलेलं गरम पाणी फवारायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. घाई केली की खरवडायचा पत्रा गिलाव्यात घुसतो. पाणी बदाबदा ओतलं तरी गिलावा फुगतो.

सगळे व्हिनेगर घालायला सांगतात, मीही घातलं होतं. पण आपल्या भिंतीला वर चुना आणि खाली चार फूट ऑइलपेंटचा पट्टा. चुन्यावर व्हिनेगर पडताच बारीक बुडबुडे आले आणि बोटाला पांढरं लागायला लागलं. आंबट चुन्याला खातंच. मग वरच्या भागाला साधं गरम पाणी आणि खालच्या पट्ट्यालाच निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर. आई, कडा उचकटल्या की तू मैद्याची खळ लावायचीस ना, त्या जागा पहिल्या पाण्यात सुटल्या. कसरही तिथेच लागली होती, तिला खळ आवडते. बाबांनी खाली फेविकॉल लावला होता, त्यावर ओला पंचा ठेवून गरम इस्त्री टेकवावी लागली, वायर आतल्या खोलीतून आणून. बाबा, तुम्ही किती मन लावून चिकटवलं होतं ते मला या तीन दिवसांत कळलं.

पिस्ता रंगाचा तो पट्टा मी खरवडला नाही. रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम 2017 मध्ये लागू झाला आणि आपला रंग त्याच्या कितीतरी आधीचा. घट्ट आहे तोवर त्याला धक्का नको. कोरडा पॉलिशपेपर तर अजिबात मारू दिला नाही. बुरशीही ओल्या फडक्यानेच, मास्क लावून, खिडक्या उघड्या टाकून पुसली.

मला कांजिण्या आल्या तेव्हा दुपारी बाबा माझ्याजवळ बसून झाडं मोजायचे. सोळा. आणि मग म्हणायचे, सतरावं दिवाणामागे लपलंय, बरी झालीस की दाखवतो. दिवाणामागे नुसतं गवत होतं, बाबा. तरी तिथपर्यंत पोचल्यावर मी रडले. वरच्या कोरड्या कोपऱ्यातला दीड फुटाचा तुकडा अगदी स्वच्छ निघालाय, त्याची फ्रेम तुमच्या खुर्चीसमोर लावणार आहे. तुमच्या हातचं मी मोडलं असं मनात आणू नका. चौतीस पावसाळे टिकलं ते.

बाकी काही हललेलं नाही. खुर्ची खिडकीशीच आहे, टोपीची खुंटी तीच, रेडिओ कपाटात गुंडाळून ठेवलाय. आईच्या देवघरावर जुनी साडी घातली होती, धूळ गेलेली नाही, देव रोज मी पुसते. तुळशीला पाणी घालते. चहाचे डबे होते त्याच क्रमाने आहेत.

आता ऐका. संक्रांतीआधी यायचं नाही. थंडीची हवा कोरडी आहे, भिंत वाळू दे, मग चुना, मग तुम्ही. आईला काळारामाला जायची घाई झाली असेल, राम कुठे जात नाही. बाबांनी पहाटे दवात फिरायचं नाही, ऊन आल्यावर जायचं, आणि श्वासाचा पंप संपत आला की दोन दिवस आधी दादाला सांगायचं, रिकामा झाल्यावर नाही. आई, बाबांच्या खोलीत धूप बंद. आणि तिथलं बाथरूम घासताना ब्लीचिंग पावडरीत व्हिनेगर मिसळू नकोस, क्लोरीनचा वायू निघतो, तो छातीला फार वाईट. रागावते असं वाटेल. रागावत नाही गं.

रविवार कारंज्यावरून चुना आणलाय, भिजत घातलाय. चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही आणि भिंतीतली ओलही बाहेर पडत राहते. फक्त नीळ किती घालायची ते आठवत नाही. आजीच्या घराला होता तसा उजेडाचा रंग हवाय, निळा नको. आई, बुधवारी रात्री फोन करते, तेव्हा चमच्याच्या हिशेबाने सांग.

तुमची,
राणी